पलीकडची

११ फेब्रुवारी

ताई,

भाऊजींनी पाठवलेली टेप पोचली. डबा एका कोपऱ्यात चेपला होता, टेपला काही झालेलं नाही. आधी आईला ऐकवली. तिचं मत जसंच्या तसं कळवते : "पोरगी गाते चांगली, पण त्या मुलांना म्हणावं, जरा कमी बडवा."

आता मुख्य गोष्ट. सोमवारी दुपारच्या फर्माइशींच्या कार्यक्रमात एक गाणं कमी पडलं. निवेदिका काचेपलीकडून हातवारे करायला लागली. माझ्या हाताशी तुझी टेप होती, ती मी लावली. बँडचं नाव तिला उच्चारता येईना, म्हणून "परदेशातला एक नवा बँड" एवढंच म्हणाली. मी हेडफोन लावून पूर्ण गाणं ऐकलं. सगळं ठीक होतं. बाहेर आले तर कॉरिडॉरमधल्या रेडिओपाशी बसलेला शिपाई म्हणाला, "मॅडम, गाणं झकास. पण गाणारी बाई शेजारच्या घरात बसली होती का?"

कारण सापडलं. ते टेपमशीन मी आदल्याच दिवशी दुरुस्त केलं होतं. उजव्या बाजूच्या केबलमधल्या दोन तारा माझ्याकडून उलट जोडल्या गेल्या. हेडफोनवर हे कळत नाही, कारण डावा कान डावं ऐकतो आणि उजवा उजवं. प्रक्षेपणात मात्र दोन्ही बाजू एकत्र होऊन जातात. एक बाजू उलटी असली की दोन्हींत जे सारखं असेल ते एकमेकाला खोडून टाकतं. भाऊजींनी तुझा आवाज बरोबर मधोमध ठेवला आहे, म्हणजे दोन्हीकडे अगदी सारखा. तो गेला. डावीकडची गिटार राहिली, उजवीकडच्या झांजा राहिल्या, आणि तुझ्या आवाजाचा घुमारा राहिला, कारण घुमारा दोन्हीकडे सारखा नसतो. थोडक्यात, तू नव्हतीस, तुझा घुमारा होता.

चूक माझी. तारा आज सरळ केल्या. येत्या सोमवारी तुझं गाणं तुझ्यासकट लावते.

एक विचित्र गोष्ट : फोन आले. पुष्कळ. सगळ्यांना तेच गाणं परत हवं आहे.

फ्यूज

२ मार्च

फ्यूजबाई,

लहानपणी घराचा फ्यूज उडवलास म्हणून हे नाव पडलं, आता सख्ख्या बहिणीला उडवलंस! तुझं पत्र मी मोठ्यांदा वाचून दाखवलं. बँडमधली तिन्ही पोरं हसून हसून लोळली. तुझे भाऊजी मात्र हसले नाहीत. कागदावर तारा काढून बसले आणि म्हणाले, "बरोबर आहे. असंच होणार." तुम्ही दोघं एका माळेचे मणी.

इथलं खरं सांगू? इथे आम्हाला काळं कुत्रं विचारत नाही. रेकॉर्ड दुकानात मागच्या फळीवर उभी आहे. रेडिओवाले घेत नाहीत. कंपनीचा माणूस म्हणाला, आवाज चांगला आहे, पण असे चांगले आवाज आमच्या जिन्यात रांग लावून उभे असतात. हे वर्ष मी स्वतःला दिलंय. वर्षभरात काही झालं नाही तर गाणं बंद आणि मी कपड्यांच्या कारखान्यात. तेव्हा तू तारा उलट लाव, सुलट लाव, पण लाव बाई.

तो घुमारा कसा केला ते ऐक, तुला आवडेल. स्टुडिओच्या इमारतीला मागच्या अंगाला एक बंद जिना आहे. उघडं सिमेंट, खिडकी नाही. तळाशी स्पीकर ठेवून माझा आवाज त्यातून सोडायचा आणि वरच्या मजल्यावर दोन माइक ठेवून तो परत पकडायचा. दोन्ही दारांना कुलूप, आत चिटपाखरू नाही. म्हणजे तुमच्या लोकांनी ऐकला तो आमचा रिकामा जिना!

आईला सांग, बडवणं कमी होणार नाही.

तुझी ताई

२० मार्च

ताई,

सरळ तारांनी गाणं लावलं. ते पडलं. फोनवर लोकांनी ऑपरेटरला फैलावर घेतलं. "मध्येच ही कोण बाई ओरडते?" "पलीकडची कुठे गेली?" त्यांनी तुला हे नाव ठेवलं आहे : पलीकडची. पलीकडच्या खोलीत गाणारी, म्हणून.

मी साहेबांना खुलासा दिला की मधली बाई हीच गायिका आहे आणि पलीकडची ही जोडणीतली चूक आहे. ते म्हणाले, "चूक असेल, पण लोकांना तीच हवीये. तुमच्या ताईंना राहू दे की काही दिवस पलीकडे. भाडं थोडंच पडतंय?" वरून हुकूम असल्यामुळे मी केबलवर एक स्विच बसवला आहे. एकीकडे सरळ, दुसरीकडे उलट. गाणं रोज दोनदा लागतं, उलट.

पत्रं येताहेत. मी वाचते, कारण निवेदिका आता वाचायला तयार नाही. एक शिंपी लिहितो की गाणं लागलं की त्याचं मशीन आपोआप थांबतं आणि तो "आलो" म्हणतो. कुणाला ते त्याला कळत नाही. एका नर्सने वॉर्डातला रेडिओ बंद केला, कारण पेशंट गाण्याला उत्तरं द्यायला लागले. तेही ओरडून नव्हे. घरच्या माणसाला देतात तशी, मान न वळवता.

याचं स्पष्टीकरण आहे. अर्धवट आवाज ऐकू आला की मेंदू तो पुरा करतो, आणि ज्याला ज्याचा हवा त्याचा करतो.

एका गोष्टीचं मात्र सापडलेलं नाही. शेवटचा सूर विझल्यावर, टेप संपायच्या आत, घुमाऱ्यात एक पाऊल वाजतं. सिमेंटच्या पायरीवर, खाली उतरणारं. मूळ टेपवर दोन्ही बाजू सुट्या करून पाहिल्या, आहे. भाऊजींना विचार, त्या वेळी जिन्यात कोण होतं?

फ्यूज

१२ एप्रिल

फ्यूज,

जिन्यात कुणीही नव्हतं. किल्ली तुझ्या भाऊजींच्या खिशात होती. त्यांनी टेप परत ऐकली आणि गुंडाळून ठेवली.

पण ते राहू दे, बातमी ऐक! तुमच्या रेडिओवरून गाणं टेप करून कुणीतरी इथे आणलं. कंपनीच्या माणसाने ते ऐकलं, आणि आता तो आमच्या दारात. म्हणतो, समुद्रापलीकडे तुमचं गाणं घराघरात वाजतंय आणि तुम्ही इथे झोपा काढता? नवी रेकॉर्ड करायची, झटपट, आणि आवाज 'तसाच' हवा.

तसाच म्हणजे पलीकडचा. तारांची करामत त्याला नको, खराखुरा हवा. म्हणून आता मी स्वतः जिन्यात जाते. तळाच्या पायरीवर उभी राहून गाते, माइक वरच्या मजल्यावर, दार बाहेरून बंद, नाहीतर आवाज गळतो. तू ऐकलेलं पाऊल माझंच असणार, दुसरं कुणाचं? फक्त मी उतरायला लागले त्याच्या आधी ते तुला ऐकू आलं, एवढंच. घे, सोडव हे गणित.

गार असतं तिथे. पण गाताना बरं वाटतं. समोर कुणी नाही, कुणाचं तोंड बघायचं नाही.

एक गंमत. परवा कंपनीचा माणूस बसला होता. मी त्याच्या कपात कॉफी ओतत होते आणि तो तुझ्या भाऊजींना म्हणाला, "गायिकेची गाठ घालून द्या की एकदा." पोरं खो खो हसली. मीही हसले. तो का हसला नाही हे मात्र मला अजून कळलेलं नाही.

ताई

५ जून

ताई,

नवी रेकॉर्ड आली. स्टेशनच्या फाटकाबाहेर ती लागायच्या वेळेला माणसं उभी राहतात. ज्यांच्या घरी रेडिओ आहेत तीही. साहेब खूश आहेत, माझी शिफारस करणार म्हणतात. इतर स्टेशनंही तुमचीच गाणी मागताहेत. तुम्ही लोकप्रिय झाला आहात, हे अधिकृतपणे कळवते.

आता दुसरं. पहिल्या गाण्यात स्विच सरळ केला की तू मध्ये परत यायचीस. कुणाला न सांगता मी रोज कार्यक्रमानंतर एकदा तसं करून ऐकत असे. नव्या रेकॉर्डमध्ये स्विच कुठेही ठेवला तरी फरक पडत नाही. तू मध्ये नाहीसच, त्यामुळे परत आणण्यासारखं काही नाही. तांत्रिकदृष्ट्या हे अपेक्षित आहे. मला ते आवडलेलं नाही.

भाऊजींना सांग, पुढच्या गाण्याला माइक तुझ्या तोंडासमोर ठेवा. त्यांनी ऐकलं नाही तर हट्ट कर. तुला हट्ट करता येतो, मी पाहिलेला आहे. सायकलसाठी दोन दिवस जेवली नव्हतीस.

आणि आईसाठी एक टेप पाठव. गाणं नको. स्वयंपाकघरात टेबलाशी बस, मशीन समोर ठेव आणि बोल. ती तुझ्या आवाजाची वाट बघते आहे. मीही.

फ्यूज

२६ जून

फ्यूज,

टेप पाठवली आहे. टेबलाशी बसून, मशीन हातभर अंतरावर ठेवून बोलले. तू सांगितलंस तसंच.

हट्ट केला. म्हणजे बोलले मी. सगळे जेवत होते. मी म्हटलं, पुढचं गाणं मी वर येऊन गाणार. कुणी वर पाहिलं नाही. मग लक्षात आलं की टेबलावर चार ताटल्या आहेत. तीन पोरं आणि तुझे भाऊजी. मुद्दाम नव्हतं गं. वाढणारा मोजतो ना, तसे मोजले होते. मी माझी ताटली घेऊन आले आणि बसले. तुझे भाऊजी जरा सरकले, पण कुणी येऊन बसलं म्हणून सरकतात तसे नाही. वारा आला की पडदा सरकतो तसे.

तू रागावू नकोस त्यांच्यावर. ते माझी काळजी घेतात. रोज जिन्याचं कुलूप स्वतः उघडतात.

आम्ही येतोय! पावसानंतर दौरा आहे, तुमच्या गावात पहिला कार्यक्रम. पोरांना विश्वासच बसत नाही.

ताई

१८ जुलै

ताई,

टेप मिळाली. मी आणि आईने एकत्र ऐकली.

काय ऐकलं ते लिहिते. खुर्ची ओढल्याचा आवाज, जवळ. नळाचं पाणी, जवळ. मशीनचं बटण दाबल्याचा आवाज, अगदी जवळ. आणि तू लांब. दोन भिंती आणि एक बंद दार मध्ये असावं इतकी. शब्द लागत नाहीत, फक्त चाल लागते. मी मशीन बदललं, बाजू सुट्या केल्या, खालचे-वरचे आवाज गाळून पाहिले. उपयोग झाला नाही. खुर्ची हातभर आणि खुर्चीवरचं माणूस जिन्याच्या तळाशी, हे कोणत्याही तारांनी होत नाही.

आई मात्र म्हणाली, "स्पष्ट आहे की." आणि ती तुझ्याशी बोलायला लागली. "हो... नाही गं, गुडघा आता बरा आहे... कधी येतेस?" टेप संपेपर्यंत. तू जिथे जिथे थांबली आहेस तिथे तिचं उत्तर बरोबर मावत होतं. टेप संपल्यावरही ती थोडा वेळ बोलत होती आणि मध्ये मध्ये ऐकत होती.

ती टेप मी कपाटात कुलपात ठेवली आहे. आई विचारत नाही, म्हणून जास्त काळजी वाटते.

तुझं अक्षर मात्र पूर्वीसारखंच आहे. दाबून लिहितेस, कागदाच्या मागून बोट फिरवलं तर कळतं. म्हणून पत्र लिही. छोटं असलं तरी चालेल. कार्यक्रमाच्या वेळी मी ध्वनियंत्रणेपाशी असेन, सरकारी परवानगी घेतली आहे. तिथून तुला थेट घरी नेणार. भाऊजींना काय वाटायचं ते वाटो.

फ्यूज

३० सप्टेंबर

ताई,

तू का आली नाहीस?

मी चार वाजल्यापासून सभागृहात होते. तिन्ही मुलांना ओळखलं, भाऊजींना नमस्कार केला. मंचावर मधोमध माइक उभा होता. कार्यक्रम सुरू झाला, आवाज सभागृहात भरला, लोक उभे राहिले. माइकपाशी कुणी नव्हतं. मी केबल धरून मागे गेले. तिचं टोक कशालाही जोडलेलं नव्हतं, जमिनीवर पडलेलं होतं. टेप लावली असेल म्हणून मशीन शोधलं. मशीन नव्हतं. हजारभर माणसं रिकाम्या माइककडे बघून हळूहळू बोलत होती, जो तो आपापलं.

मी मागच्या खोल्यांत तुला शोधलं. भाऊजींना विचारलं, "ताई कुठे आहे?" ते म्हणाले, "आहे ना इथेच," आणि हात केला. तिकडे एक ट्रंक, एक खुर्ची आणि कपडे टांगायचा दांडा होता. मी त्यांना जे बोलले ते इथे लिहीत नाही.

मग मला चक्कर आल्यासारखं झालं. तिथल्या एका बाईने पाणी आणून दिलं. राखाडी कोट, केस मागे बांधलेले, कपडेपट सांभाळणारी असावी. मी तिला विचारलं, "अहो, गायिका कुठे आहेत?" तिने छातीवर हात ठेवला आणि काहीतरी म्हणाली. मंचावरून आवाज येत होता, मला तिचं ऐकू आलं नाही. भाषा कळत नसेल म्हणून मी नाद सोडला. ती बराच वेळ तिथेच उभी होती. मी पाण्याचा पेला तिच्या हातात दिला आणि निघाले.

आजारी आहेस का? त्यांनी तुला तिथेच ठेवलं का? खरं काय ते लिही.

फ्यूज

१९ ऑक्टोबर

फ्यूज,

पाणी देणारी मी होते.

तुझ्या डाव्या अंगठ्यावर चटका होता, ताजा, तारांना डाख देताना बसतो तसला. पेला घेताना तो तू जपत होतीस. हे दुसऱ्या कुणी तुला सांगितलं असतं का?

मी म्हणाले, "अगं फ्यूज, मीच." मग मोठ्यांदा म्हणाले. मग ओरडले. तू माझ्याकडे इतक्या सभ्यपणे बघत होतीस. आणि 'अहो' म्हणालीस. जन्मात पहिल्यांदा. कंपनीच्या माणसाचं चालतं, तुझ्या भाऊजींचंही चालवून घेतलं. पण तुझ्या त्या 'अहो'पुढे मला उभं राहता येईना. तू गेल्यावर मी तो पेला धुतला आणि पुसून ठेवला.

मी गात होते गं. तुला पाणी देत होते तेव्हाही मंचावर मी गातच होते. ते आता माझ्या तोंडातून यावं लागत नाही. सगळीकडे वाजतं. इथल्या रेडिओवरही रोज. रस्त्यातून जाताना खिडक्या-खिडक्यांतून लोक मला हाका मारतात, आपापल्या माणसांच्या नावाने. मी 'ओ' देते. कुणाला तरी ऐकू येईल म्हणून. त्यांना ते गाणंच वाटतं.

सुरुवातीला दुखायचं. आता दुखत नाही, हेच मला जास्त वाईट वाटतं. तुला पत्र लिहिताना तेवढं मी टेबलाशी बसलेली असते. पत्र बंद केलं की कुठे असते ते सांगता येत नाही.

आईला भेटून आले. तुला माहीत नसेल. तू कार्यक्रमात होतीस. तिने दार उघडलं नाही, आतूनच बोलली. छान बोलली.

ताई

१ नोव्हेंबर

ताई,

तुझं पत्र तीनदा वाचलं. स्पष्टीकरण शोधलं नाही. जे आहे ते धरून काय करता येईल एवढंच ठरवलं आहे.

मी येते आहे. रजेच्या अर्जावर साहेबांनी कारण विचारलं, मी 'बहीण' लिहिलं. ते म्हणाले, "त्यांना सांगा, लोक वेडे झालेत त्यांच्यासाठी." मी म्हटलं, "ज्यांच्यासाठी झालेत ती माझी बहीण नाही." त्यांनी सही केली. आईला शेजारच्या काकूंकडे ठेवते आहे. त्यांच्याकडे रेडिओ नाही, हे बघूनच ठेवते आहे.

सोळा तारखेला सकाळी विमान उतरतं. भाऊजींना कळवू नकोस. तुझं सामान घेऊ नकोस, फक्त कोट घाल. थंडी असेल.

बाहेर येण्याच्या दाराशी उजव्या हाताला मी भिंतीला पाठ लावून उभी राहीन. डोळे मिटलेले असतील. माझ्या डोळ्यांनी मला एकदा तुला 'अहो' म्हणायला लावलं आहे, त्यांना मी दुसरी संधी देणार नाही. कानांना तर नाहीच. तेव्हा तू बोलू नकोस, गाऊ नकोस, हाक मारू नकोस. तुझा आवाज आला तर मी तो कुणाचातरी समजेन आणि भलत्याच दिशेला उत्तर देईन, सगळे देतात तसं.

तू माझं मनगट धर. तुझा हात लागला नाही, नुसता गारवा लागला, तरी मी मनगट मागे घेणार नाही. काहीच लागलं नाही तरी तिथेच उभी राहीन. विमानतळवाले हटवतील तेव्हा बाहेरच्या पायरीवर जाऊन उभी राहीन. तुला शोधायला मी कुठेही हिंडणार नाही, म्हणजे तुला मी नक्की कुठे आहे ते माहीत असेल. आपल्यापैकी एकीने तरी एका जागी असायला हवं.

तिथून परत निघायचं. भिंतीपासून घरापर्यंत मी तुझ्याशी अगं-तुगंच बोलेन, लोकांना मी एकटीच बडबडते आहे असं दिसलं तरी. शेजारच्या खुर्चीचं तिकीट काढलेलं आहे.

दाराशी गर्दी असेल. कुणाचातरी हात चुकून लागेल आणि मला वाटेल तूच. म्हणून दोन्ही हातांनी धर, ताई. एका हाताने कुणीही धरतं.

तुझी,
फ्यूज